छप्पर मोजावे जमिनीवरून

कौलारू घराला किती कौले लागतील, हा प्रश्न कोकणात आणि गोव्यात बहुधा एप्रिल-मे महिन्यात उभा राहतो. घर शाकारायला माणसे चढतात, चार कौले उचलतात आणि खालच्या रिपा वाळवीने खाल्लेल्या निघतात. मग वरवरची डागडुजी सोडून सगळे छप्परच नव्याने घालायचे ठरते. आकडा सांगायची वेळ आली की घरातले वडीलधारे एक सांगतात, सुतार दुसरा सांगतो आणि दुकानदार तिसरा. कौले कमी पडली तर ऐन पावसाच्या तोंडावर दुसरी खेप मागवावी लागते. जास्त झाली तर पैसे परसात रचून पडतात. खरे तर हा हिशेब शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयापुढे जात नाही. त्यासाठी छपरावर चढण्याचीही गरज नसते. चढू नयेच, जुनी कौले पायाखाली फुटतात, आणि कुजलेली रीप वरून ओळखू येत नाही.

मोजणीची सुरुवात घरापासून नव्हे, कौलापासून करावी. आज ज्याला सर्रास मंगलोरी कौल म्हणतात, ते मुळात फ्रान्सच्या आल्सास प्रांतातले. तिथल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचे पेटंट घेतले. बेसल मिशनचे जर्मन मिशनरी जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरात तशा कौलांचा कारखाना काढला, आणि तिथली चिकणमाती या कामाला उत्तम ठरल्यामुळे एकापाठोपाठ एक कारखाने उभे राहिले. किनाऱ्याच्या जलमार्गाने ही कौले कोकणच्या बंदरांत उतरू लागली. त्याआधीची नळीची कौले हाताने एकावर एक चढवायची असत. किती चढवायची हे मांडणाऱ्याच्या मर्जीवर, त्यामुळे त्यांचा हिशेब नेहमी अंदाजाचाच राहिला. मंगलोरी कौलाला मात्र कडेला खाच आणि पाठीमागे रिपेवर अडकणारी अढी असते. एक कौल दुसऱ्यावर किती चढेल हे साच्यानेच ठरवलेले आहे, म्हणूनच ही कौले मोजून घेता येतात.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ६५४ या मानकात या कौलाची तीन मापे दिली आहेत : ४१० × २३५, ४२० × २५० आणि ४२५ × २६० मिलिमीटर. लांबीत किमान ६० आणि रुंदीत किमान २५ मिलिमीटर भाग दुसऱ्या कौलाखाली जावा, अशी अपेक्षा आहे. इथेच पहिली गफलत होते. कौलाची लांबी-रुंदी गुणून छपराच्या क्षेत्रफळाला भागले की आकडा फारच कमी येतो, कारण कौलाचा बराच भाग झाकला गेलेला असतो. हिशेबात धरायचे ते कौलाचे पूर्ण अंग नव्हे, उघडे राहणारे अंग.

हे उघडे अंग छापील माहितीवरून घेण्यापेक्षा मोजून घेतलेले बरे. दुकानातच सपाट जमिनीवर अकरा कौले एकाखाली एक, खाचेत नीट बसवून मांडावीत. आधी ती एकमेकांवर जितकी सरकतील तितकी दाबावीत आणि पहिल्या कौलाच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावावा. मग खाच न सुटता जितकी ताणता येतील तितकी ताणून पुन्हा तेच अंतर मोजावे. दोन्ही मापांच्या मधला आकडा घेऊन त्याला दहाने भागले की दोन रिपांमधले अंतर मिळते. शेजारी-शेजारी अकरा कौले मांडून रुंदीही अशीच काढावी. दाबलेल्या आणि ताणलेल्या मापातला फरक कागदावर वेगळा लिहून ठेवावा, तो पुढे उपयोगी पडतो. मातीची वस्तू भट्टीत आकसते, सगळी कौले अगदी एकसारखी निघत नाहीत. एकच कौल मोजणाऱ्याला हे कळत नाही, अकरा मोजणाऱ्याला कळते. लहान मापाच्या कौलाची उघडी लांबी साधारण साडेबारा इंच आणि उघडी रुंदी सव्वाआठ इंच धरली, तर शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, १४० कौले लागतात. (वाळू-खडीचा ब्रास घनफुटांचा असतो; छपराचा ब्रास चौरस फुटांचा.)

आता घर. भिंतीच्या बाहेरून लांबी-रुंदी घ्यावी आणि मग वळचण मोजावी. वळचण म्हणजे भिंतीपुढे आलेला छपराचा भाग. कोकणातल्या पावसात भिंती वाचवायच्या तर ती दोन फूट तरी हवीच. तिचे माप घेण्याची सोपी रीत म्हणजे वळचणीच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, तो जमिनीला टेकेल तिथे खूण करायची आणि खुणेपासून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर मोजायचे. वाशाच्या बाजूने तिरके मोजू नये. उताराचा हिशेब पुढे वेगळा येणार आहे, तो दोनदा धरला जाईल.

वळचण किती महत्त्वाची, ते एका उदाहरणावरून पाहावे. भिंतीबाहेरून ३० फूट लांब आणि २४ फूट रुंद घर घेऊ. क्षेत्रफळ ७२० चौरस फूट. चारही बाजूंना दोन फुटांची वळचण धरली की माप होते ३४ × २८, आणि क्षेत्रफळ ९५२. दोन फूट म्हणता म्हणता २३२ चौरस फूट वाढले. अंदाज चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. उताराचा कोन, कौलाची जात यांवर लोक तासभर वाद घालतात आणि जवळजवळ एक चतुर्थांश छप्पर मोजायचेच विसरतात.

उतार मोजायला पोटमाळ्यावर जावे. एक फुटी पाणसळ घ्यावी, तिचे एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवावे आणि बुडबुडा मधोमध आणून ती आडवी धरावी. दुसऱ्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंत किती इंच भरतात ते पाहावे. सात इंच भरले तर छप्पर दर फुटाला सात इंच चढते, म्हणजे उतार तीस अंशांच्या आसपास आहे. जुना वासा वाकलेला असतो, म्हणून दोन-तीन वाशांवर, आढ्याजवळ आणि भिंतीजवळ अशी मापे घेऊन मधले धरावे. पोटमाळा नसेल तर आढ्याची उंची आणि भिंतीच्या माथ्याची उंची यांतला फरक काढावा, त्याला घराच्या निम्म्या रुंदीने भागावे. उत्तर तेच येते.

इथे पायथागोरस लागतो. पायाची बाजू १२ आणि उंची ७, तर कर्ण १३.८९. म्हणजे आडव्या एका फुटासाठी छपरावर १.१५८ फूट जागा भरते. हा गुणक उतारागणिक बदलतो. फुटाला ५ इंच चढ असेल तर कर्ण बरोबर १३ येतो आणि गुणक १.०८३. सहा इंचांना १.११८, आठ इंचांना १.२०२, नऊ इंचांना बरोबर सव्वा, आणि फुटाला फूट चढणाऱ्या उभ्या छपराला १.४१४. एवढे आकडे वहीच्या कडेला लिहून ठेवले की कुठलेही घर मोजता येते.

अमेरिकेतली छपरे याच पद्धतीने मोजली जातात. तिथे लाकडी फळ्यांच्या छपरावर डांबरी शिंगल ठोकतात, उतार बारा इंचांना इतके इंच असाच सांगतात, आणि शंभर चौरस फुटांच्या मापाला स्क्वेअर म्हणतात. आपला छपराचा ब्रास आणि त्यांचा स्क्वेअर हे एकच माप. नेहमीची तीन पाकळ्यांची शिंगल ३६ इंच रुंद आणि १२ इंच उंच असते, पण उघडी राहते ती पाचच इंच. म्हणून एका स्क्वेअरला ८० शिंगल लागतात, आणि त्या बहुधा तीन गठ्ठ्यांत येतात. तिथे घर घेतलेल्या मराठी माणसाला छपराचा ठेकेदार जो कागद देतो, त्यात हेच आकडे असतात. लोणावळा-महाबळेश्वरकडे नव्या बंगल्यांवरही शिंगल दिसू लागल्या आहेत. मोजणीत फरक काही नाही, वस्तू तेवढी बदलते.

गुणकाची गंमत अशी की छपराचा आकार पाहायची फारशी गरजच उरत नाही. दुपाखी असो वा चौपाखी, सगळ्या पाख्यांचा उतार सारखा असेल तर छपराचे क्षेत्रफळ म्हणजे वळचणीसह जमिनीवरचे क्षेत्रफळ गुणिले उताराचा गुणक. त्रिकोणी पाखे वेगळे, समलंब चौकोनाचे पाखे वेगळे, असे तुकडे पाडत बसावे लागत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर असताना छपराची जी सावली जमिनीवर पडेल, ती मोजली की झाले. कोकणात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, शाकारणीच्या ऐन दिवसांत, सूर्य खरोखरच माथ्यावर येतो. पण त्यासाठी थांबायचे कारण नाही, ओळंबा तेच काम बारा महिने करतो.

आपल्या उदाहरणातल्या घराचा उतार फुटाला सात इंच धरू. ९५२ गुणिले १.१५८ म्हणजे सुमारे ११०२ चौरस फूट, ढोबळ मानाने ११ ब्रास. ब्रासला १४० प्रमाणे १५४० कौले. बहुतेक जण इथे थांबतात, आणि अंदाजपत्रकाला एवढे पुरतेही. पण खरेदीला निघण्याआधी ओळी मोजून हा आकडा ताडून पाहावा, कारण कौल काही क्षेत्रफळात बसत नाही, ओळीत बसते.

घर दुपाखी आहे असे धरू. आढ्यापासून वळचणीपर्यंत आडवे अंतर १४ फूट, गुणकाने गुणले की पाख्याची तिरकी लांबी १६ फूट अडीच इंच, म्हणजे साडे १९४ इंच. सर्वांत खालच्या ओळीचे कौल पूर्ण लांबीचे धरावे. ते सोळा इंच. त्यावरची प्रत्येक ओळ साडेबारा इंचांची भर घालते. पंधरा ओळींत १९१ इंच झाकले जातात आणि आढ्याशी साडेतीन इंच उरतात. आता दोन वाटा आहेत. अनुभवी सुतार हे साडेतीन इंच चौदा रिपांत वाटून टाकतो. प्रत्येक अंतर पाव इंचाने वाढते, म्हणजे पावणेतेरा इंचांवर जाते, आणि पंधरा ओळींत पाखे पुरे होते. कौल तेवढे ताणले जाईल की नाही, हे अकरा कौलांच्या मोजणीत लिहून ठेवलेला फरकच सांगतो. ताणले जात नसेल तर सोळावी ओळ घालणे भाग आहे. आढ्यावरच्या कौलाच्या भरवशावर फट सोडली तर पहिल्याच झोडपणाऱ्या पावसात माजघरात पातेली मांडावी लागतात.

आडव्या दिशेने ३४ फुटांना सव्वाआठ इंचांप्रमाणे एका ओळीत ५० कौले बसतात. दोन पाखी, पंधरा ओळी, म्हणजे १५००. सोळा ओळी केल्या तर १६००. क्षेत्रफळाचा आकडा १५४० होता, तो या दोन्हींच्या मधला. शंभर कौलांचा फरक केवळ रिपा किती अंतरावर ठोकल्या यावर पडतो. म्हणून रिपा ठोकून झाल्यावर कौले मोजायची ही नेहमीची रीत उलटी आहे. आधी कौल निवडावे, मोजावे, मग रिपेचे अंतर ठरवावे. ओळींच्या हिशेबात रिपाही आपोआप मोजल्या जातात : पंधरा ओळी, दोन पाखी, ३४ फूट लांबी, म्हणजे १०२० फूट रीप, वर सांध्यांसाठी थोडी जास्त.

हेच घर चौपाखी केले तर क्षेत्रफळ तेच राहते, पण खर्च तोच राहत नाही. दुपाखी घराला आढे एकच, ३४ फुटांचे. चौपाखी घराचे आढे अवघे सहा फूट उरते आणि चार कोपऱ्यांतून चार कोनवासे निघतात. प्रत्येक कोनवाशाची लांबी सुमारे २१ फूट ५ इंच, चारांची मिळून ८६ फुटांच्या घरात. आढ्यासह बेरीज जवळजवळ ९२ फूट. आढ्यावर आणि कोनवाशांवर घालायची वाकडी कौले वेगळी मोजून घ्यावी लागतात. एका वाकड्या कौलाने १४ इंच झाकले जातात असे धरले, तर दुपाखी घराला ३० आणि चौपाखीला ७९ लागतील. शिवाय कोनवाशाशी येणारे प्रत्येक कौल तिरके कापावे लागते. कापलेला तुकडा पलीकडच्या पाख्याला क्वचितच चालतो, कारण खाच एकाच बाजूला असते. त्यामुळे दुपाखी छपराला शंभरामागे पाच कौले जादा धरतात, तिथे चौपाखीला दहा धरावीत. चौपाखी घर वाऱ्याला चांगले तोंड देते, दिसतेही देखणे, पण त्या देखणेपणाची किंमत या कापाकापीत असते.

पुढची पडवी मात्र मुख्य हिशेबात मिसळू नये. तिचा उतार बहुधा मुख्य छपरापेक्षा कमी असतो, त्यामुळे गुणक वेगळा. तिचे वरचे टोक मुख्य वळचणीखाली जिथपर्यंत जाते तिथपासून माप धरावे, नाहीतर एक ओळ हमखास कमी येते. काटकोनात वळलेल्या घरात दोन पाखी जिथे खोलगट भेटतात, तिथे पत्र्याची पन्हळ घालतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना कौले कापतात. तिथलीही नासाडी धरावी. माजघरात उजेडासाठी काचेची कौले बसवायची असतील तर तेवढी मातीची कौले वजा करावीत. ती दोन-चारच असतात, पण काचेचे कौल मातीच्या कौलाच्या साच्यात बसते का हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

संख्या ठरली की वजनाकडे पाहावे. मंगलोरी कौलाचे वजन दोन ते तीन किलो असते. अडीच किलो धरले तर १६०० कौले म्हणजे चार टन. कौले भिजून दहा टक्के पाणी प्यायली तरी पावसाळ्यात वाशांवर चारशे किलोंची भर पडते. पूर्वी गवताने किंवा हलक्या पत्र्याने शाकारलेल्या घरावर कौले चढवायची असतील, तर कौलांआधी वासे तपासून घ्यावेत. हे काम सुताराचे. टेपाने ते होत नाही.

जुन्या घराची दुरुस्ती असेल तर हिशेब आणखी नाजूक होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक घरांची निम्मी कौले उडाली आणि निम्मी शाबूत राहिली. अशा वेळी गेलेली कौले क्षेत्रफळाने नव्हे, ओळींनी मोजावीत : आतून रिपा उघड्या दिसतात, त्यांवरून ओळी आणि ओळीतली रिकामी घरे मोजता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक शाबूत कौल उतरवून पालथे करावे. पाठीवर कारखान्याचे नाव आणि खूण साच्यातूनच उठवलेली असते. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही. लांबी-रुंदी सारखी असली तरी खाचेची खोली वेगळी असू शकते. तो कारखाना बंद पडला असेल तर एका पाख्यावरची सगळी शाबूत कौले उतरवून दुसऱ्या पाख्यातली तूट भरावी आणि मोकळ्या झालेल्या पाख्यावर सलग नवी कौले घालावीत. दोन जातींची सरमिसळ एका ओळीत केली की पाणी हमखास आत येते.

नवे छप्पर घालणाऱ्यांनीही एवढे करावे : सगळी कौले एकाच कारखान्याची, एकाच खेपेत घ्यावीत, आणि उरलेली पन्नास-साठ विकून न टाकता परसात भिंतीला लावून उभी रचून ठेवावीत. माकडे, नारळाच्या झावळ्या आणि पुढची शाकारणी यांना ती पुरतात.